प्रेक्षकांचे मौन वाहिन्यांच्या पथ्यावर

११ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी अनेक वृत्तवाहिन्यांनी ज्येष्ठ अभिनेते धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी दिली. प्रत्यक्षात त्या वेळी धर्मेंद्र उपचार घेत होते. अखेर पत्नी हेमामालिनी आणि कन्या ईशा यांनाच पुढे येऊन त्या बातमीचा इन्कार करावा लागला. धर्मेंद्र यांचे निधन झाले ते त्यानंतर तेरा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला! रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कुटुंबाला तो जिवंत असल्याची ग्वाही देशाला द्यावी लागावी, यापरते निर्दयी काय असू शकते?

हा अपघात म्हणून सोडून देता आला असता. पण पूर्वेतिहास तसे करू देत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवी यांचे दुबईत निधन झाले, तेव्हा स्नानगृहातील टबाची चित्रे पडद्यावर नाचवून त्यांच्या मृत्यूची नाट्यरूपांतरे रंगवली गेली. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला आणि पुढे कित्येक आठवडे वाहिन्यांच्या कक्षांत समांतर न्यायालये भरली. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात अशा माध्यमी खटल्यांवर कडक ताशेरे ओढले आणि दोन वाहिन्यांचे वृत्तांकन प्रथमदर्शनी अवमानकारक ठरवले. पुढे मार्च २०२५ मध्ये सीबीआयने हे प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. मधल्या काळात ज्यांची अब्रू चव्हाट्यावर टांगली गेली, त्यांची भरपाई कोण करणार?

असा प्रश्न विचारला की वाहिन्यांचे ठरलेले उत्तर असते, ‘लोकांना हेच हवे असते.’ मनोरंजन वाहिन्याही कारस्थानी सासू-सुना आणि विवाहबाह्य संबंध यांचे समर्थन याच शब्दांत करतात. आता तर या दोन्ही व्यवसायांमधली भिंतही पडली आहे. मालिकेतील काल्पनिक भांडणाचा वृत्तान्त ‘सास, बहू और साजिश’सारख्या कार्यक्रमांतून वृत्तवाहिनीवर सांगितला जातो, आणि खऱ्या मृत्यूची बातमी मालिकेसारखी भागाभागांनी लांबवली जाते.

लोकांना काय हवे, हे ठरते कसे? प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेची यंत्रे २०२० मध्ये सुमारे ४४ हजार घरांत होती आणि दूरचित्रवाणी असलेली घरे होती सुमारे २१ कोटी. म्हणजे एका घराच्या पसंतीवरून पावणेपाच हजार घरांची आवड ठरली! बरे, हे यंत्र फक्त मिनिटे मोजते. ‘काय हा आचरटपणा!’ असे म्हणत पाहिलेला अर्धा तासही त्याच्या हिशेबी आवडीचाच असतो. उलट ज्या घरात यंत्र नाही, तेथे संतापून संच बंद केला तरी तो निषेध कोठेही नोंदला जात नाही. म्हणजेच या आकड्यांत प्रेक्षकाचे मत नसतेच, असते ती केवळ त्याची उपस्थिती. आणि ही मोजणी तरी कितपत निर्मळ? ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केल्यानंतर ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणेच थांबवले, ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये.

लोकांना सवंग तेच आवडते, हा सिद्धान्त अनुभवालाही उतरत नाही. अल्फा मराठीवर २००१ ते २००४ या काळात ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका चालली. तीत ना कारस्थान होते, ना भरजरी साड्यांतील विषप्रयोग. तीन पिढ्यांचे एक साधे घर होते, आणि ते आजही मराठी माणसाच्या स्मरणात आहे. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली. तेहतीस वर्षांपूर्वीचे ते चित्रण, आजच्या मानाने भाबडे तंत्र. तरी त्याच आठवड्यात दूरदर्शन देशातील सर्वाधिक पाहिली गेलेली वाहिनी ठरली. चांगले वाढले तर पंगत उठून जात नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा?

मात्र सारा दोष वाहिन्यांच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. प्रेक्षकाच्या हाती कायद्याने दिलेले साधन आहे. केबल दूरचित्रवाणी नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार कोणीही प्रेक्षक थेट वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर स्वनियमन मंडळाकडे आणि शेवटी केंद्र शासनाकडे दाद मागता येते. वृत्तवाहिन्यांसाठी ‘एनबीडीएसए’ आणि मनोरंजन वाहिन्यांसाठी ‘बीसीसीसी’ ही मंडळे आहेत. तक्रार मोघम नको. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ आणि आक्षेपार्ह भाग नेमका लिहावा. वृत्तवाहिनीविरुद्धची तक्रार प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत जाणे इष्ट.

या मंडळांचे दात बोथट आहेत, हे खरेच. एक लाख रुपयांच्या दंडाने कोणती वाहिनी वचकणार, अशी विचारणा ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच केली होती. तरीही सुशांतसिंहच्या नावावर खोटे ट्वीट दाखवल्याबद्दल २०२० मध्ये ‘आज तक’ला दंडाबरोबरच जाहीर क्षमायाचनेचाही आदेश झाला. तो झाला, कारण कोणीतरी तक्रार केली होती.

दिवाणखान्यात चालणारी आपली चर्चा भिंतींपलीकडे जात नाही. पहिले पाऊल घरातच पडावे. जे मुलांसमोर पाहता येत नाही, ते त्यांच्या पाठीमागेही चालू ठेवू नये. दुसरे पाऊल म्हणजे एक पत्र. हजारो घरांमागे एक यंत्र असेल, पण लेखणी प्रत्येक घरात आहे. तिने मौन सोडले नाही, तर ‘लोकांना हेच हवे असते’ हे वाक्य आपल्याच नावावर खपत राहील.