उष्टं आपलं, डोंगर त्यांचा

अकोले तालुक्यातल्या बारी गावात शनिवारची रात्र गावकऱ्यांची राहिलेली नाही. मध्यरात्र उलटली की मुंबई, पुणे, नाशिककडून बसगाड्या येऊ लागतात. दारं आपटतात, गाणी वाजतात, कपाळावरच्या बॅटऱ्यांचे झोत घरांच्या भिंतींवरून फिरतात, कुत्री भुंकत राहतात. पहाटे उठून शेतावर जायचं असलेला माणूस या कुशीवरून त्या कुशीवर होत राहतो. आलेली मंडळी कळसूबाई चढणार असतात. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक. माथ्यावरून सूर्योदय बघायचा, म्हणून निघायची वेळ रात्रीची. तुमच्या अंगणावरून अपरात्री एवढी माणसं गेलेली चालतील का, हे बारीच्या लोकांना विचारावं असं आपल्यापैकी किती जणांच्या मनात येतं? आपल्या सोसायटीत रात्री दहानंतर कुणी ढोल वाजवला तर आपण पोलिसांना फोन करतो.

डोंगरावर जाण्याला माझा विरोध नाही. शहरातल्या माणसानं चढावं, घाम गाळावा, रानवारा छातीत भरून घ्यावा. गो. नी. दांडेकरांनी मराठी माणसाच्या एका पिढीला गडांची ओढ लावली, ती ओढ मी पुण्याईच मानतो. माझा आरोप चढण्यावर नाही. आपण चढतो ते मालक म्हणून, आणि पायथ्याच्या माणसाला आपण नोकर समजतो, हा माझा आरोप आहे.

कळसूबाईची कथा तिथल्या महादेव कोळी समाजात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. कळसू ही रानात रमणारी मुलगी. डोंगरापायथ्याच्या इंदोरे गावी ती एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली, की मी बाकीचं सगळं करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस नीट गेले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला ती दोन्ही कामं करायला लावली. तिनं केली. एक शब्द न बोलता केली आणि घर सोडून डोंगर चढली, ती परत खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला तो कळसूबाईचा डोंगर, अशी ती कथा. एका कोळी मुलीनं दुसऱ्याचं उष्टं उचलत राहायला नकार दिला, त्या नकाराला तिच्या माणसांनी देव मानलं, राज्यातल्या सगळ्यात उंच जागेवर त्याचं देऊळ बांधलं आणि नवरात्रात तिथे ते जत्रा भरवतात. ही केवढी मोठी गोष्ट आहे! आणि त्याच देवीच्या माथ्यावर आपण काय नेऊन टाकतो?

वाटेवरच्या लोखंडी शिड्यांच्या खालच्या अंगाला कारवीच्या झुडपांत नीट बघा. वेफर्सच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, चुरगळलेले कागदी पेले, कोपऱ्यात बाईचा एक फाटका रेनकोट. मी तिथे असताना एक मावशी गोणपाटाचं पोतं घेऊन उतारावर वाकली होती. एका हातानं कारवीची काडी धरून ती दुसऱ्या हातानं बाटल्या ओढून काढत होती. तिचं वर लिंबू-सरबताचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. सरबताचं पाणी ती पहाटे खालून कॅनमध्ये भरून डोक्यावर आणायची. मी तिथे असतानाच एक तरुण तिच्याशी पाच रुपयांसाठी वाद घालत होता. बूट, पाठीवरची पिशवी, मनगटावरचं घड्याळ, सगळं मिळून त्याच्या अंगावर तिच्या चार महिन्यांच्या कमाईएवढा माल असेल. ती एवढंच म्हणाली, "दादा, पाणी खालून आणलंय." त्यानं पाच रुपये सोडवून घेतले, सरबत प्यायला आणि पेला तिथेच टाकून शिडीला लागला. तिनं पेला उचलला.

या पेल्याबद्दल मला बोलायचं आहे. त्या मुलाला कचरा कुठे टाकावा हे माहीत नव्हतं, असं नाही. विमानतळावर तो कचरापेटी शोधत फिरेल. परदेशात गेला तर खिशात गोळीचा कागद ठेवून देईल. मग इथे त्याचा हात का सैल सुटतो? कारण आपल्यामागे उचलणारं कुणीतरी आहे, हे त्याच्या रक्तात मुरलेलं आहे. घाण करणारा एक आणि घाण उपसणारा दुसरा, ही वाटणी या समाजानं हजारो वर्षं धर्म म्हणून पाळली. कायद्यानं ती मोडली, शाळेच्या पुस्तकातून ती गेली, लग्नाच्या जाहिरातीत ती थोडी आडून बोलायला शिकली. पण हातातून पेला सुटतो त्या क्षणी ती जशीच्या तशी उभी राहते. शहरात नगरपालिकेची गाडी येते, म्हणून ती झाकली जाते. डोंगरावर गाडी येत नाही, म्हणून ती उघडी पडते. आपण ज्याला बेशिस्त म्हणून सोडून देतो, ती जात आहे.

हल्ली गडकोटांवर स्वच्छता मोहिमा निघतात. त्यांतले काही लोक मनापासून राबतात, वर्षानुवर्षं राबतात, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण अनेक मोहिमांत पोती भरली जातात, फलक धरून फोटो निघतो आणि ती पोती पायथ्याच्या गावात एखाद्या घराच्या कडेला ठेवून बस सुटते. त्या गावाला घंटागाडी नाही. पोतं पावसात फुटतं, प्लास्टिक ओढ्यात जातं, नाहीतर कुणी ते पेटवतं आणि धूर गावातली पोरं गिळतात. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा चालवत, कीर्तन रात्री. आपण आज त्यांच्या नावाची अभियानं चालवतो आणि आपला कचरा गरिबाच्या दारात ठेवून घरी येऊन आंघोळ करतो. आपली बाटली आपल्याच पिशवीतून आपल्या घरापर्यंत न्यायला किती जड होते? भरलेली वर नेली होतीच ना!

आता पाण्याचं बघा, कारण या मुलखातला खरा हिशेब पाण्यापाशी येऊन थांबतो. घाटघर, रतनवाडीकडे पाऊस असा कोसळतो की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. इंग्रजांनी १९१० मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण बांधायला घेतलं, १९२६ मध्ये ते पुरं झालं. त्या पाण्यावर खालच्या अंगाला ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, त्या कारखान्यांतून राजकारण उभं राहिलं. आणि धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरकुशीतल्या वाड्यांवर, एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन आटत चाललेल्या झऱ्यापाशी वाटी वाटीनं पाणी भरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण अशाच गावांच्या अनुभवातून आली. याच दिवसांत जलाशयाच्या काठी तंबू लागतात. आपण तिथे आंघोळीला गरम पाणी मागतो, मिळालं नाही तर सोय बरी नव्हती असं लिहितो. झऱ्याच्या डोक्यावर, आडोसा बघून, शौचाला बसतो. खाली तेच पाणी हंड्यात येतं. ही गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण करायला आपल्याला संकोच वाटत नाही, म्हणून लिहिली पाहिजे.

भात निघालं की इथल्या घरांना कुलपं लागतात. नवराबायको, कडेवरचं पोर, सगळे बागायती पट्ट्यात मजुरीला जातात. नारायणगावच्या मजूर बाजारात उभे राहतात आणि कुणी शेतकरी आज कामाला नेईल याची वाट बघतात. ज्या मातीला आपण शांत, निसर्गरम्य म्हणतो, तिची शांतता पुष्कळदा रिकाम्या घरांची असते. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. शेकरू वाचावा, रान वाचावं, यात वाद नाही. पण हिरडा वेचणाऱ्या म्हातारीला पिढ्यान्पिढ्यांच्या रानात आपला हक्क सिद्ध करावा लागतो, आणि आपल्याला फक्त प्रवेशशुल्काची पावती लागते. ती पावती फाडतानाही आपण कुरकुरतो.

काजव्यांचं दुःख तर अगदी ताजं आहे. मे संपत येतो, वळवाचे थेंब पडतात आणि भंडारदरा, पुरुषवाडीच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकू लागतात. तो प्रकाश म्हणजे त्या किड्याची मादीला घातलेली साद असते. त्याच्याकडे त्यासाठी मोजके दिवस असतात. आधीचे कितीतरी महिने त्यानं अळी होऊन पालापाचोळ्यात, ओल्या मातीत काढलेले असतात. आपण नेमक्या त्याच रात्री गाड्यांची रांग घेऊन जातो, मोठे दिवे लावतो, फांदी हलवून बघतो, मोबाइलचा झोत झाडावर मारतो. नर लुकलुकतो आणि मादीला दिसत नाही. पायाखाली पाचोळा तुडवला जातो, त्यात पुढच्या सालची पिढी असते. काजवे कमी झाले की आपण हळहळतो, आणि मग दुसरं रान शोधायला निघतो.

आणि आपला पाय घसरला की काय होतं? हरिश्चंद्रगडाच्या वाटांवर, सांदणच्या घळीत, रतनगडाच्या कड्याला कुणी अडकलं की पहिल्यांदा धावतात ती पाचनई, खिरेश्वर, साम्रद, रतनवाडीची पोरं. अंधारात, पावसात, पायात साध्या चपला घालून. बांबूला घोंगडी बांधून झोळी करतात आणि आपल्या माणसाला खांद्यावरून खाली आणतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आपल्या माणसाचं नाव, वय, कंपनी सगळं येतं. त्यांच्यासाठी एकच शब्द असतो, "स्थानिक".

माथ्यावर उभं राहून आपण शिवरायांचा जयजयकार करतो. ज्या मुलखात उभे असतो, तिथल्या राघोजी भांगऱ्याचं नाव मात्र शंभरातल्या दहांनाही सांगता येत नाही. देवगावचा हा महादेव कोळी वीर सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. १८५७ अजून नऊ वर्षं लांब होतं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचं तोंड न पाहता गावठी बियाणी जपली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. अशा माणसांच्या गावात जाऊन आपण पोरांना चॉकलेटं वाटतो आणि मोठ्यांना अरे-तुरे करतो. साठीतला वाटाड्या आपल्याला "साहेब" म्हणतो आणि आपल्यातला विशीतला पोरगा त्याला नावानं हाक मारतो. त्या हाकेची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

कायदा या लोकांच्या बाजूनं आहे, हे ट्रेकिंग करणाऱ्या प्रत्येक संस्थेनं वाचून घ्यावं. आदिवासी (अनुसूचित) भागांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला तिच्या रानाचा, पाण्याचा सांभाळ करण्याचा अधिकार देतात. रात्री गावातून कुणी जाऊ नये, काजव्यांच्या दिवसांत गाड्या वेशीबाहेर थांबाव्यात, आठवड्यात अमुक इतकीच माणसं वर जावीत, हे ठरवायला गाव बसलं तर आपण पर्यटनाच्या नावानं ओरडायचं नाही आणि आमदाराला फोन लावायचा नाही. सहल ठरवण्याआधी सरपंचाला किंवा ग्रामसभेला विचारायचं, चालेल का. नाही म्हटलं तर जायचं नाही. जेवण, वाटाड्या, मुक्काम यांचे पैसे गावच्या माणसाच्या हातात, गाव सांगेल त्या भावानं द्यायचे. येत्या पावसाळ्याच्या सहलींची पत्रकं आता छापायला जातील. त्यात निघण्याच्या वेळेच्या वर, पहिल्याच ओळीत, ग्रामसभेची परवानगी घेतली की नाही हे लिहायला सुरुवात करा.