कंपायलरचा अतिशहाणपणा आणि तुमच्या फोनचा कर्नल

सी++ भाषेत २०११ साली ‘मेमरी ऑर्डर कन्झ्यूम’ नावाची सोय आली. आता सी++२६ मध्ये ती डेप्रिकेट झाली आहे, म्हणजे ‘वापरू नका, पुढे काढून टाकू’ असा शिक्का बसलाय. बातमी छोटी आहे. पण ही सोय ज्या कल्पनेसाठी आणली होती, त्याच कल्पनेवर तुमच्या अँड्रॉइड फोनमधला लिनक्स कर्नल आजही चालतो, आणि तेही भाषेच्या हमीशिवाय.

फुकटात मिळणारा क्रम

फोनमध्ये साधारण आठ कोअर असतात आणि कर्नलमधली एकच यादी ते एकाच वेळी वाचत असतात. प्रत्येक वाचनाला लॉक लावलं तर सगळे रांगेत उभे राहतील. म्हणून लिनक्समध्ये २००२ पासून आरसीयू, म्हणजे ‘रीड-कॉपी-अपडेट’ ही पद्धत आहे. बदल करणारा कोअर नवी नोंद बाजूला पूर्ण तयार करतो आणि मगच तिचा पॉइंटर सगळ्यांसाठी खुला करतो. वाचणारा पॉइंटर उचलतो आणि नोंद वाचतो. लॉकची गरजच नाही.

पण एआरएम प्रोसेसर वेगासाठी वाचनाचा क्रम बदलतो. मग तो नोंद आधी आणि पॉइंटर नंतर का वाचत नाही? कारण पत्ता हातात नसेल तर घरी जाणार कसं? यालाच ॲड्रेस डिपेंडन्सी म्हणतात. जुना डीईसी अल्फा सोडला, तर लिनक्स चालणारे प्रोसेसर हा क्रम पाळतात, वेगळी सूचना न देता.

दुवा तुटतो कुठे?

प्रोसेसर नियम पाळतो, पण कंपायलरला हा दुवा दिसत नाही. समजा तुम्ही लिहिलंत: पॉइंटर ‘डीफॉल्ट’ नोंदीकडे असेल, तर त्या पॉइंटरमधून आकडा वाच. कंपायलर म्हणतो, दोन्ही पत्ते सारखेच आहेत ना, मग थेट ‘डीफॉल्ट’मधूनच वाचतो! पत्ता आधीच माहीत असल्यामुळे प्रोसेसर तिथे लवकर जाऊन जुना आकडा उचलू शकतो. नोंद नुकतीच बदलली असेल तरीही. मधल्या ‘इफ’ने हे थांबत नाही, कारण ‘इफ’ दोन वाचनांचा क्रम राखत नाही.

कन्झ्यूम हेच टाळण्यासाठी होतं. पण त्यासाठी प्रत्येक ऑप्टिमायझेशनमध्ये हा दुवा जपावा लागला असता. ते फार किचकट, म्हणून जीसीसी आणि क्लँगने कन्झ्यूमला सरळ ‘अक्वायर’ मानलं. अक्वायर सुरक्षित आहे, पण ते पुढची सगळीच वाचनं आणि लेखनं रोखून धरतं. एआरएमवर त्याची किंमत पडते. म्हणजे फुकटातला फायदा गेलाच.

कर्नलने काढलेला मार्ग

कर्नलने दोन गोष्टी केल्या. एक, शिस्त. आरसीयूमधून आलेला पॉइंटर कसा वापरायचा आणि त्याची कशाशी तुलना टाळायची, याचे लेखी नियम आहेत. दुसरी गोष्ट एलटीओमुळे करावी लागली. यात कंपायलर सगळा कर्नल एकत्र पाहून ऑप्टिमाइझ करतो. २०१८ चा पिक्सेल ३ असाच कर्नल घेऊन आला. कंपायलरला जास्त दिसतं, म्हणजे दुवा तुटायची शक्यताही वाढते. म्हणून २०२१ च्या लिनक्स ५.११ पासून, ६४-बिट एआरएमवर एलटीओ चालू असेल तर ‘रीड-वन्स’ हे वाचन आपोआप अक्वायर होतं. थोडा वेग गेला, पण खात्री मिळाली.

मला विचाराल तर हा सौदा बरोबर आहे. असा बग इंटेलच्या लॅपटॉपवर टेस्ट करताना सहसा सापडतच नाही, कारण तिथे प्रोसेसर वाचनांचा क्रम राखतो. तो सापडतो कुणाच्या तरी फोनमध्ये, एकदाच, आणि पुन्हा करून दाखवता येत नाही.

कन्झ्यूम बाद झालं, पण मूळ प्रश्न सुटलेला नाही. जिथे एलटीओ नाही, तिथे आजही सगळी भिस्त कोड लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर आहे. कर्नलमध्ये हात घालायचा विचार असेल, तर ते नियम आधी वाचा. आणि कोड एआरएमवर चालवून बघितल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका.