डिझेलच्या टाकीतली चिंधी आणि आपला ऊस



गळीत हंगामात ट्रॅक्टर वाटेत बंद पडण्याचे एक कारण दिसायला अगदी क्षुल्लक आहे. डिझेल भरताना टाकीत काहीतरी पडते. कधी वायसर, कधी नट, कधी कॅनच्या तोंडाला लावलेली चिंधी. ड्रायव्हर म्हणतो, "राहू दे तळाला, काय होतंय?" आमचे मत असे की, पुढची खेप करण्याआधी ती वस्तू बाहेर निघालीच पाहिजे.

नट एक वेळ तळाशी पडून राहील. चिंधी राहत नाही. डिझेलच्या ओढीने ती खालच्या तोंडाशी जाऊन बसते आणि भरलेले दोन ट्रेलर चढाला लागले की इंजिन दम टाकते. थोडे थांबले की चिंधी सुटते, गाडी परत चालू! म्हणून पंप, नोझल सगळे खोलून होते, टाकीकडे कोणी बघत नाही. तोवर ऊस रस्त्यावर वाळतो. तोडल्यापासून २४ तासांत गाळप व्हावे म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, ते काय उगीच? वजन घटते ते सभासदाचे, आणि उतारा घटतो तो सगळ्यांचा, कारण दर उताऱ्यावर ठरतो. तेव्हा ट्रॅक्टर दुसऱ्याचा असला तरी विचारायचा हक्क ऊसवाल्याला आहे.

काढायचे कसे? लोखंडी वस्तूला दोरीचे लोहचुंबक चालते, पण पत्र्याच्या टाकीत ते आधी टाकीलाच चिकटते. रबरी नळीत बसवून नुसते तोंड उघडे ठेवावे. पितळ, रबर, चिंधी यांना चुंबक काय करणार? तिथे इंजिन गार असताना खालचा प्लग काढून डिझेल स्वच्छ कॅनमध्ये उतरवावे आणि वाकवलेल्या तारेने वस्तू ओढावी. नाहीच निघाली तर टाकी उतरवून उलटी करावी. डिझेल बारीक कापडातून गाळून भरावे, मग फिल्टरवरच्या स्क्रूतून हवा काढावी. टाकीत बघायला बॅटरीच घ्यावी. काडी किंवा कंदील जवळ नेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ वाईट.

बऱ्याच ट्रॅक्टरना टाकीच्या तोंडाशी जाळी असते. डिझेल हळू जाते म्हणून ती काढून ठेवलेली आम्ही कितीतरी ठिकाणी पाहिली. (घाई कसली, ते त्यांनाच ठाऊक!) वाहतूक करार करताना टायर आणि कागद बघतात, तशी जाळीही बघावी. गट ऑफिसांनी येत्या हंगामाआधी हे मनावर घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी