वेस आणि नहर

मराठी भाषेने वेशीला भरभरून दिले आहे. अब्रू वेशीवर टांगली जाते, संकट वेशीपर्यंत येऊन ठेपते, आणि ‘गावकुसाबाहेर’ या एका शब्दाने तर आपल्या समीक्षेची दिशाच बदलली. जमिनीखालून गावात येणाऱ्या पाण्याच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही. स्थानिक इतिहासलेखनातही हेच घडते, अशी आमची तक्रार आहे.

जालन्याचेच पाहा. कुंडलिकेकाठच्या या शहराचा परिचय लिहिताना मस्तगड, त्याचे १७२५ हे साल, मूर्ती दरवाजा, हैदराबाद दरवाजा अशी नावे ओळीने येतात. मोती तलाव येतो तो फिरायला जाण्याचे ठिकाण म्हणून. वस्तुतः काळी मशीद बांधणाऱ्या जमशेदखानाने हा तलाव बांधला आणि भूमिगत नळांनी शहरातील हौदांत पाणी आणले. दरवाजाचे नाव दूरच्या शहराकडे बोट दाखवते. माणसे कोठे राहत होती हे हौद सांगतो. नगररचना म्हणायची तर ती या हौदांच्या जाळ्याला.

शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, हा क्रम सालांनिशी दाखवता येतो. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि त्याच दशकात नहर-ए-अंबरी खेळवली. औरंगजेबाचा तट उठला तो १६८२ मध्ये. भडकल दरवाजा १६१२ चा आहे हे खरे. पण तो मोगलांवरील विजयाचे स्मारक. शहर आधी पाण्याच्या आधाराने वाढले, तट त्याला मागाहून घातला गेला. तरीही त्याची ओळख काय, तर ‘बावन्न दरवाजांचे शहर’!

पुण्याने निदान एक शब्द तरी राखला. कात्रजहून येणाऱ्या पेशवेकालीन नळावरील, हवा सोडणाऱ्या बांधकामांना तेथे ‘उच्छ्वास’ म्हणतात. हा शब्द कोणा गवंड्याला सुचला की शास्त्र्याला, कोण जाणे. आम्हांस तरी तो कवीचा वाटतो.

दरवाजा ढासळला तर वर्तमानपत्रात छायाचित्र येते. जुना खापरी नळ रस्त्याच्या खोदाईत फुटला तर मुरमाबरोबर ट्रॅक्टरमध्ये भरला जातो. मराठी विभागांतून ग्रामनामे आणि बोली यांवर लघुप्रबंध वर्षानुवर्षे लिहिले जातात. जुन्या जालन्यातील हौद, बारवा आणि नळ यांची लोकांच्या तोंडची नावे मोहल्लावार नोंदवणे हा विषय यंदाच्या यादीत घालावा, एवढेच आमचे सहकाऱ्यांना सांगणे आहे.