शांततेचे मोल किती डॉलर?

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येकडे मध्यंतरी टपालाने एक धनादेश आला. रक्कम २८ डॉलर. कुणा कंपनीने तिच्या भ्रमणध्वनीवर परवानगीवाचून ध्वनिमुद्रित संदेशांचा मारा केला होता. तिच्यासारख्या असंख्य ग्राहकांच्या वतीने दुसऱ्याच कुणी न्यायालयात दावा लावला, कंपनीने तडजोड केली, आणि एक अर्ज भरून दिल्यावर तिचा वाटा घरपोच झाला. ‘‘बाबा, एका वेळच्या जेवणाची सोय झाली,’’ असे ती वडिलांना म्हणाली. स्नेह्यांनी ही हकिकत विनोद म्हणून सांगितली. आम्हाला मात्र त्यात विचार करण्याजोगे बरेच काही आढळले.

अमेरिकेत हा कायदा १९९१ साली झाला. दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर फ्रिट्झ हॉलिंग्ज त्याचे प्रवर्तक. यंत्राने लावलेले आणि ध्वनिमुद्रित आवाजात बोलणारे दूरध्वनी तेथील घराघरांना नकोसे झाले होते. संमतीवाचून असा कॉल आल्यास ग्राहकाने स्वतः न्यायालयात जावे आणि प्रत्येक कॉलमागे ५०० डॉलर वसूल करावेत; कंपनीने हे जाणूनबुजून केले असेल, तर ही रक्कम तिपटीपर्यंत, म्हणजे १,५०० डॉलरपर्यंत वाढावी, अशी त्यात तरतूद आहे. पुढे २००३ साली ‘मला कॉल करू नका’ असे सांगणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवहीही सुरू झाली.

या तरतुदीतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. रात्रीच्या जेवणाच्या वेळी घंटा वाजली, ताटावरून उठावे लागले, यात नुकसान किती झाले, हे कोणता हिशेबनीस सांगू शकेल? ते सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने ग्राहकावर टाकलेच नाही. माणसाच्या घरातील शांततेला मोल आहे, असे मानून त्याने आकडा ठरवून दिला.

परंतु ५०० डॉलरसाठी न्यायालयाची पायरी चढणारे थोडेच. म्हणून पुढे या कायद्याची सांगड सामुदायिक दाव्याशी घातली गेली. तेथील पद्धतीप्रमाणे एक ग्राहक सर्वांच्या वतीने उभा राहतो; जो ‘मला वगळा’ असे कळवत नाही, तो दाव्यात सामील समजला जातो. कॅपिटल वन या बँकेविरुद्धचा दावा हे याचे ठळक उदाहरण. तेथील कॉल विक्रीसाठी नव्हते, थकबाकीच्या वसुलीसाठी होते. पण कायदा तोच. दाव्याच्या कक्षेत सुमारे पावणेदोन कोटी ग्राहक होते. प्रत्येकाला एकेकच कॉल आला असे धरले, तरी ५०० डॉलरप्रमाणे रक्कम ८७५ कोटी डॉलरवर जाते. तडजोड झाली ती सुमारे साडेसात कोटी डॉलरांवर. शिकागोच्या संघराज्य न्यायालयाने २०१५ साली तिला मंजुरी दिली.

त्या पैशाचे झाले काय? पावणेदोन कोटींपैकी जेमतेम १४ लाख ग्राहकांनी अर्ज भरला. त्यांच्या वाट्याला माणशी ४० डॉलरही आले नाहीत. वकिलांना दीड कोटी डॉलरांहून अधिक शुल्क मिळाले, आणि तेही न्यायाधीशांनी त्यांच्या मागणीला कात्री लावल्यानंतर! ज्याची झोपमोड झाली त्याच्या हाती चिल्लर आणि ज्याने कागद रंगविले त्याच्या हाती थैली, अशी टीका तेथे होते. ती निराधार म्हणता येणार नाही.

तथापि, या नाण्याला दुसरी बाजू आहे. डिश नेटवर्क या दूरचित्रवाणी कंपनीच्या एका वितरकाने नोंदवहीतील क्रमांकांवर वारंवार कॉल केले. ‘वितरकाच्या कृत्याशी आमचा संबंध नाही,’ असा कंपनीचा पवित्रा होता. येथे तडजोड झाली नाही, खटला चालला. उत्तर कॅरोलिनातील ज्यूरीने २०१७ साली ५१ हजारांहून अधिक कॉलना प्रत्येकी ४०० डॉलर लावले. कंपनीने हे जाणूनबुजून केले, असे ठरवून न्यायाधीशांनी रक्कम तिप्पट केली. सहा कोटी डॉलरांहून अधिक! २०१९ साली वरिष्ठ न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. काम दुसऱ्याकडून करून घ्यावे आणि हात झटकावेत, ही सोय त्यामुळे राहिली नाही.

सामुदायिक दाव्याचे खरे बळ येथे दिसते. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या धनादेशावरून त्याची किंमत करू नये. एकेका कॉलचा हिशेब कोटींमध्ये होऊ शकतो, हे भय कंपनीच्या कार्यालयात बसते, तेच त्याचे फळ. तडजोड फार स्वस्तात झाली, की ते भय ओसरते आणि दंड हा धंद्याचा खर्च होऊन बसतो.

अर्थात, ज्याला पत्ता आहे त्याच्यावरच दावा लावता येतो. खोट्या क्रमांकावरून बोलणाऱ्या भामट्यांपुढे ही सारी यंत्रणा लंगडी पडते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे छापे घातले, तेव्हा अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना लुबाडणारी कॉल सेंटरे उघडकीस आली. आपल्या दारातून परक्या घरात जाणारा हा उपद्रव आपणास लाज आणणारा आहे.

आणि आपल्या घरातील घंटेचे काय? ‘ट्राय’ने २००७ साली पहिले विनियम केले, २०१० आणि २०१८ साली ते नव्याने आले, २०२५ साली त्यांत सुधारणा झाली. १९०९ या क्रमांकावर नोंद करता येते, तक्रार करता येते. दोषी क्रमांक तोडले जातात, दूरसंचार कंपन्यांवर आर्थिक दंडही बसतो. पण तो दंड ज्याला त्रास झाला त्याच्यापर्यंत येत नाही. त्याच्या शांततेला आपल्या विनियमांनी आकडा लावलेला नाही.

वास्तविक, सामुदायिक लढा आपल्याला नवा नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे रोप लावले, ते एकट्या ग्राहकाचे दुबळेपण ओळखूनच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने तक्रार करण्याची मुभा आहे. उणीव आहे ती निश्चित भरपाईची. प्रत्येक अवांच्छित कॉलमागे हजार रुपये का होईना, तक्रारदाराला मिळतील, असे कायद्याने ठरवावे. नोंदणीकृत ग्राहक संस्थांना सर्वांच्या वतीने ती मागू द्यावी. आणि अमेरिकेच्या अनुभवावरून शहाणे होऊन वकिलांच्या शुल्काला आधीच मर्यादा घालावी.

न्यू जर्सीतील त्या मुलीला २८ डॉलर मिळाले, ती हसली. पुण्यातील तिचे वडील रोज दुपारी वामकुक्षीतून उठून कर्ज नको, विमा नको, म्हणून सांगत असतात. त्यांना कुणी २८ रुपयेही देत नाही. खरे म्हणजे हसू यावे ते आपल्या या स्थितीचे.