आधी डोकं मोजा, मग पिक्सेल!

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा इकडे आले होते. ज्या विषयात पीएच.डी. केली आणि ज्यावर आता पोट भरतो, तो एकदाचा आईला दाखवावा म्हणून मी व्हीआर हेडसेट घरी आणला. अंबाड्यावर पट्टा बसेना. चष्मा काढला तर दिसेना, ठेवला तर नाकाला टोचे. चार मिनिटांत तिला मळमळायला लागलं. "आमच्या वयाला नाही रे जमत हे," म्हणत तिने तो खाली ठेवला. जणू चूक तिचीच!

मला राग आला तो याचाच. "सवय होईल हळूहळू" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात आळशी वाक्य आहे.

१९६८ साली आयव्हन सदरलंडचं यंत्र छताला टांगावं लागे. तेव्हा ते क्षम्य होतं, पहिलाच प्रयत्न होता. पण आता? २०१९ चा क्वेस्ट ५७१ ग्रॅमचा, २०२३ चा क्वेस्ट ३ हा ५१५ ग्रॅमचा. चार वर्षांत प्रत्येक डोळ्यापुढचे पिक्सेल जवळजवळ दुप्पट झाले, वजन मात्र दहा टक्केही घटलं नाही. २०१९ च्याच रिफ्ट एसमध्ये तर भिंगांमधलं अंतर हलवायची सोयच नव्हती. तुमचे डोळे त्या मापाचे नसतील तर तुमचं नशीब!

आणि ॲपल? २०२४ चा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरचा, बॅटरी वेगळी ठेवूनही ६०० ते ६५० ग्रॅमचा. पुढे नाकावर भार येतो अशी ओरड झाली. २०२५ च्या आवृत्तीत पट्ट्यातच मागे वजन घातलं, आणि एकूण आकडा गेला ७५० ते ८०० ग्रॅमवर. नाक सुटलं हे खरं, पण तो सगळा भार शेवटी मानच उचलते ना?

माझे सहकारी म्हणतात, "हलकं करायला भौतिकशास्त्र आडवं येतं." थोडं येतं, कबूल. नवी पॅनकेक भिंगं प्रकाश आतल्या आत फिरवून जाडी कमी करतात, पण त्यात बराच प्रकाश वाया जातो. मग पडदा प्रखर हवा, म्हणजे वीज आली, उष्णता आली, पंखा आला. पण हे सगळं डोक्यावरच का? २०२५ चा बिगस्क्रीन बियाँड २ फक्त १०७ ग्रॅमचा आहे. तो वायरीने संगणकाला जोडावा लागतो म्हणून आमचे लोक नाकं मुरडतात. मी म्हणतो, उत्तर तिथेच आहे. गणित करणारी चिप आणि बॅटरी खिशात ठेवा, डोळ्यांपुढे फक्त भिंग आणि पडदा!

राहिली मळमळ. डोळे सांगतात "चाललोय", कानातला तोल सांगतो "बसलोय". शिवाय वस्तू जवळ दिसली की बुबुळं आत वळतात, पण भिंगाने नजर एका ठरावीक अंतरावरच रोखून धरलेली असते. हा झगडा आईच्या वयाचा दोष नाही, आमच्या अर्धवट कामाचा आहे.

असो. उद्या तुमच्या मुलांच्या शाळेत कोणी हेडसेट विकायला आला, तर पिक्सेल विचारू नका. चष्मेवाल्या आणि दोन वेण्यांच्या मुलीला तो अर्धा तास घालायला लावा. तिने मध्येच काढून ठेवला, तर विक्रेत्याला परत पाठवा. मुलीला मात्र "सवय होईल" असं सांगू नका.