रझाकारांचा म्होरक्या लातूरचा वकील होता

१७ सप्टेंबरला आपल्या नांदेड-लातुरात झेंडावंदन होतं, भाषणं होतात, रझाकारांच्या नावानं चार कडक वाक्यं बोलली जातात आणि लोक घरी जातात. पण रझाकारांचा म्होरक्या कुठला, हे एखाद्या कॉलेजच्या पोराला विचारून बघा. हैदराबाद म्हणेल. कासीम रिझवी लातुरात वकिली करायचा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

१९४६ ला तो मजलिसचा अध्यक्ष झाला. बोलायला जबरदस्त माणूस. ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामाचं शिष्टमंडळ कराराची बोलणी करायला दिल्लीला निघणार होतं, तर याच्या लोकांनी त्यांची घरंच घेरली. जाणं रद्द झालं, छत्तारीच्या नवाबांनी पंतप्रधानपद सोडलं. म्हणजे लातूरच्या एका वकिलानं खुद्द निजामाचा निर्णय फिरवला! त्यानंतर तर लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायची भाषा सुरू झाली.

टाळ्या हैदराबादेत पडत होत्या, मार मात्र खेड्यात बसत होता. बिलोलीकडं अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरेंचा खून झाला तो १९४६ लाच. पुढं किती गावं लुटली, किती लोक घरदार सोडून सरहद्दीपलीकडं गेले, ते घराघरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला रस्त्यात तोडलं. गुन्हा काय, तर 'इमरोज'मधून भारतात सामील व्हा असं लिहिलं. तोही मुसलमानच होता, हे लक्षात घ्या.

१३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. इथं आपली गोष्ट संपते. प्रत्यक्षात संपली नव्हती.

नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. लातूर गावात मुसलमानांची वस्ती दहा हजारांची, समितीला कशीबशी तीन हजार माणसं दिसली. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. रिझवीचं गाव म्हणून राग निघाला तो विणकरावर, मजुरावर, दुकानदारावर.

आणि रिझवी? नऊ वर्षं तुरुंगात राहिला, १९५७ ला सुटला आणि थेट पाकिस्तानात गेला. १९७० ला तिकडंच वारला.

हे एका धर्माचं दुखणं नाही. श्रीलंकेत बंडारनायकेंनी १९५६ ला 'फक्त सिंहली'चा नारा देऊन निवडणूक जिंकली. तीनच वर्षांत एका बौद्ध भिक्खूनं त्यांना गोळ्या घातल्या. पुढं तो देश २००९ पर्यंत यादवी युद्धात होरपळला.

म्हणून मुक्तिदिनी दोन्ही गोष्टी सांगा. रझाकारांचा जुलूमही सांगा आणि लातूरचे ते सात हजारही सांगा. एकच अर्धी सांगितली की पोरांच्या हाती नुसता राग पडतो, आणि असल्या रागावर स्वार व्हायला नवा वकील कुठल्याही बाजूनं येऊ शकतो. आता निवडणुकीत कुणी "आपण धोक्यात" म्हणून ओरडायला लागला, मग तो कुठल्याही झेंड्याचा असो, तर एवढंच विचारा: साहेब, उद्या पेटलं तर तुमचं घर कुठल्या गल्लीत आहे?